बीमखालची चार बोटे

माझ्या गणितात भिंतीला एकच जागा होती, आणि ती वजनाच्या रकान्यात. नऊ इंची भिंत असेल तर अमुक भार, साडेचार इंची असेल तर त्याच्या निम्मा. तो भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा जमिनीवर. भिंत स्वतः काही उचलते असे मी व्यवसायात कधी धरले नाही. तसे धरू नये असेच आम्हाला शिकवले होते. भिंत उद्या कोणीही फोडतो, तिच्यात खिडकी काढतो, कपाट बसवतो. म्हणून तिच्यावर विसंबू नये. हा नियम चुकीचा नाही. मी तो ज्या जागी वापरला, ती जागा चुकली.

१९९८ साली बावधनला एका सात मजली इमारतीचे आरसीसी डिझाइन माझ्याकडे होते. आठवड्यातून दोनदा मी साइटवर जात असे. विटांचे काम हिंजवडीजवळच्या नेरे गावातल्या एका मिस्त्रींकडे होते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, अंगाने सडसडीत, बोलायला फटकळ. गावात भाताची खाचरे, हातात थापी. ओळंबा लावताना ते श्वास रोखून धरत, हे मी पहिल्याच दिवशी पाहिले आणि या माणसाच्या कामाकडे फार बघावे लागणार नाही, हे ओळखले.

त्यांची एक रीत होती. भिंत बीमपर्यंत आणायची, पण वरची चार बोटे जागा मोकळी सोडायची. मग सात दिवस तिला हात लावायचा नाही; फक्त पाणी मारायचे. रोज सकाळी भिंतीवर कोळशाने एक उभी रेघ. सात रेघा झाल्या की त्या फटीत विटांचे तुकडे तिरपे बसवायचे, दगडाच्या चिपांच्या पाचरी हातोडीने ठोकायच्या, सिमेंट-वाळूचा कडक माल कोंबायचा. ठोकून झाले की मिस्त्री थापीच्या मुठीने बीमच्या खाली टकटक करून आवाज ऐकत. पोकळ वाटला तर काढून पुन्हा.

बिल्डरच्या सुपरवायझरला हे पटत नसे. त्याला प्लास्टरची घाई.

"मिस्त्री, वर ही फट कशाला ठेवलीय? उंदरांना जायला?"

"उंदराला न्हाई, भित्ताला बसायला. तू ताटावरनं उटलास की लगीच पळतुयास व्हय? तिला बी बसू दे की."

"सात दिवस?"

"पाच रेघा झाल्यात. दोन ऱ्हायल्यात. तवर तू जा, बाकीच्यांवर वरड."

मजूर हसले. सुपरवायझर माझ्याकडे वळला. मी सांगितले, "मिस्त्री म्हणतात ते बरोबर आहे. माल सुकताना आक्रसतो. आज ठोकलेत तर महिन्याने वर भेग दिसेल." प्लास्टरला भेग पडू नये, एवढाच माझा विचार होता. मिस्त्रींचा विचार वेगळा होता. तो त्यांनी मला दुपारी सांगितला.

"सायेब, भित्ताचं डोकं बीमाला टेकलं पायजे. नुसतं उबं ऱ्हाऊन काय उपेग? टेकलं तर ती कामाची."

"तिला काम नाहीच मिस्त्री. काम कॉलमचे."

"तुमच्या कागदात न्हाई," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पुढच्या वर्षी इमारत पुरी होत आली. राहायला अजून कोणी आले नव्हते. मागच्या बाजूला तळमजल्यावर एक कॉलम होता. त्याच्या एका अंगाला वॉचमनची खोली, दुसऱ्या अंगाला मीटरची. एका सकाळी वाळूचा ट्रक उलटा येताना त्या कॉलमवर आदळला. मी पोहोचलो तेव्हा कॉलमचे काँक्रीट गुडघ्यापासून छातीपर्यंत गळून पडले होते आणि आतल्या सळया धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या होत्या. त्या कॉलमवर सहा मजले होते. बीम मात्र खाली आला नव्हता. मी सुतळी लावून पाहिली. तसूभरही नाही.

मिस्त्री वॉचमनच्या खोलीत उभे होते. भिंतीवर तळहात ठेवलेला.

"सायेब, हितं या. हात लावा. भित्तानं धरलंय."

मी जवळ गेलो. प्लास्टरवर एक बारीक भेग होती. कॉलमच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून निघून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, खाली, शेजारच्या कॉलमच्या पायथ्यापर्यंत तिरपी गेलेली. मीटरच्या खोलीतही तशीच, उलट्या दिशेला. ती भेग मला वाचता येत होती. निखळलेल्या कॉलमचे वजन दोन्ही भिंतींतून, दोन तिरप्या टेकूंसारखे, शेजारच्या कॉलमांकडे गेले होते. डोके टेकलेले नसते तर वजन भिंतीत शिरलेच नसते. मला हे समजले नाही असे मी म्हणणार नाही. मला ते तिथेच, त्याच मिनिटाला समजले.

आम्ही लोखंडी टेकू लावले, कॉलम फोडून पुन्हा भरला. मग मी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य असे होते: 'इमारतीच्या चौकटीने भार आपसात वाटून घेतला, भिंतींचा सहभाग नगण्य.' चौकट, म्हणजे कॉलम आणि बीम, माझी होती. भिंती तिच्या मदतीला आल्या असे लिहायचे म्हणजे माझी चौकट एकटी उभी राहिली नसती असे लिहायचे. ते मी लिहिले नाही. कोणी तसा आग्रहही धरला नाही.

मिस्त्रींनी विचारले, "काय लिव्हलं सायेब?"

मी सांगितले.

ते मोठ्याने हसले. "म्हंजी सुनंचं झालं की भित्ताचं. खाती किती ते मोजायचं. राबती किती ते न्हाई."

मी हसलो नाही. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला आणि राहायला आलो. मिस्त्री अधूनमधून येत. दिवाळीच्या सुमारास नव्या भाताचे तांदूळ आणत, एक पायली, कपड्यात बांधून. चहा घेत, हॉलच्या भिंतीवर उगाच बोटाने टिचकी मारत, आणि "बरी हाय पोरगी" म्हणून निघून जात.

२००१ साली गुजरातेत भूकंप झाला. वरच्या मजल्यांवर भिंती आणि खाली मोकळे पार्किंग, अशा कितीतरी इमारती तळमजल्यावर बसल्या. आमच्या व्यवसायात तेव्हा भिंतींवर बरेच बोलले गेले. मी ते सगळे वाचले. भिंत सगळीकडे मित्र नसते, हेही त्यात होते. अर्ध्या उंचीची भिंत भूकंपात उलट कॉलमलाच मोडते. एक कॉलम गेला तरी बाकीच्या इमारतीने त्याच्यामागे जाऊ नये, या गुणाला मी मनाशी चिवटपणा म्हणत असे. चिवटपणा कशाने येतो, याची दोन-चार उत्तरे मला तोंडपाठ झाली. त्यात भिंतही होती. नोंदी काढल्या, वही बंद केली. काम पूर्वीसारखेच चालू ठेवले.

दरम्यान हिंजवडीत कंपन्या वाढल्या. नेरे, जांबे, मारुंजी, सगळीकडे भाड्याच्या खोल्या उठू लागल्या. मिस्त्रींनी रस्त्याकडेचे एक खाचर बांधकामाला घेतले. तळमजला आणि वर चार मजले. नकाशा आणि डिझाइन मी केले. सगळ्या भिंती त्यांनी स्वतः उभ्या केल्या, सात-सात रेघा मारून. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कॉलमला दोन्ही बाजूंनी नऊ इंची भिंती होत्या. खोल्यांत विदर्भातली, मराठवाड्यातली नोकरदार पोरे राहायला आली. मिस्त्री तळमजल्यावर राहत आणि दुपारी, सगळे कामावर गेले की, इमारतीभोवती एक फेरी मारत. बांधलेली इमारत सोडून न जाता तिच्यातच राहण्याची ही त्यांची पहिली वेळ होती.

२००७ च्या उन्हाळ्यात ते मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा तिशीचा, कंपन्यांना गाड्या पुरवणारा.

"सर, खालच्या कॉर्नरला शोरूमवाले मागे लागलेत," तो म्हणाला. "त्यांना दोन्ही साइडनी ओपन पाहिजे. काच लावणार. त्या दोन भिंती काढल्या तर चालतील ना? नॉन लोड बेअरिंगच आहेत. ड्रॉइंगवर तुम्हीच लिहिलंय."

त्याने ड्रॉइंग उलगडले. मी लिहिले होते.

मिस्त्री खुर्चीच्या काठावर बसले होते. "मला सायबांच्या तोंडनं ऐकायचंय," ते म्हणाले. "पोरगं म्हनतंय, कागदावर हाय. ती मी बांधलीया. मला काढाविशी वाटंना. पन सायेब म्हनले तर काढतो."

"अण्णा, तुम्ही भिंत बांधली म्हणून काय तिला पेन्शन द्यायची का?" मुलगा म्हणाला.

"तू गप. सायेब, त्या टायमाला, ट्रक आदळला तवा…"

"मिस्त्री," मी म्हणालो, "तो विषय तेव्हाच संपला."

 मी टेबलाशी गेलो आणि लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. सदर भिंती भारवाही नसून त्या काढल्याने इमारतीच्या मजबुतीस बाधा येणार नाही. सही केली, शिक्का मारला.

हे लिहिण्यापूर्वी मी साइटवर गेलो नाही. गणितही पुन्हा केले नाही. गणितात त्या भिंती शून्य होत्या. शून्य वजा केल्याने काही बदलत नाही. पण खरे कारण ते नव्हते. आठ वर्षांपूर्वीचे ते वाक्य मी लिहिले होते, आणि हा माणूस मला ते पुन्हा विचारत होता.

मिस्त्रींनी कागद दोनदा घडी करून खिशात ठेवला. दाराशी वहाणा घालताना म्हणाले, "बरं झालं. सायबाचा कागुद हाय म्हंजी काळजी न्हाई." त्या दिवशी त्यांनी हॉलच्या भिंतीला टिचकी मारली नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही. जे नंतर कळले ते क्रमाने सांगतो.

भिंती काढल्या. काचा लागल्या. दिवाळीनंतर कोपऱ्यावरच्या पहिल्या मजल्यावरील भाडेकरूने दाराच्या वर पडलेली भेग दाखवली. भेग बारीक होती. मिस्त्रींनी ती दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी विटा आणल्या. रस्त्याकडची काच तशीच ठेवून बाजूची एक भिंत परत घालायची, असे त्यांनी ठरवले. शोरूमवाला कुरकुरला, मुलगा चिडला. मिस्त्रींनी एकट्याने भिंत उभी केली. वर चार बोटे जागा सोडली.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पाण्याचा टँकर आला. त्या भागात रोजच येतात. नळाचे पाणी पुरत नाही. चालकाने गाडी मागे घेतली आणि ती कोपऱ्याच्या कॉलमवर गेली. बावधनचा ट्रक गेला होता तशीच.

मी तासाभराने पोहोचलो. इमारत उभी होती, पण तिचा रस्त्याकडचा कोपरा नव्हता. चारही मजल्यांच्या कोपऱ्यातल्या खोल्या एकावर एक येऊन बसल्या होत्या. बाकीच्या खोल्यांच्या आतल्या भिंती उघड्या पडल्या होत्या. एका खुंटीवर शर्ट लोंबत होता. पोरे कामावर गेलेली, म्हणून खोल्या रिकाम्या होत्या. मिस्त्री तळमजल्यावर होते. नव्या भिंतीवर पाणी मारत होते.

त्यांना बाहेर काढायला दुपार झाली. मी तिथे उभा होतो. काय झाले ते मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कॉलम गेला. एका बाजूला काच होती. तिने काय धरायचे. दुसऱ्या बाजूला भिंत होती, पण बीम तिच्यावर टेकलेला नव्हता. तो चार बोटे खाली पडला आणि मग तिच्यावर आपटला. टेकवलेले वजन भिंत पेलते. पडलेले वजन तिला फोडते.

भिंतीचा एक तुकडा ढिगाच्या कडेला शाबूत होता. त्यावर कोळशाच्या सहा रेघा होत्या. सहावी त्याच सकाळची.

तेराव्याला मी नेऱ्याला गेलो. मिस्त्रींची पत्नी चुलत दिराच्या पडवीत बसली होती. मी समोर बसलो. मला काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. त्याआधी तीच बोलली.

"त्यांनी भित्त घातली ती तुमाला कळवली न्हाई, राग मानू नगा. मी म्हनलं व्हतं, सायबांना इचारा. तर म्हनले, नगं. त्यांनी लिवून दिलंय. आता परत भित्त घातल्याली त्यांना कळली तर त्यांना वाटंल, मिस्त्रीनं माजा शबूद पाळला न्हाई. वाईट वाटंल त्यांना."

 तिने आतून पत्र्याची पेटी आणवली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत माझे पत्र होते, तसेच दोनदा घडी केलेले.

"ह्ये तुमचं. चौकशीवाले आले तवा मी दिलं न्हाई. तुमच्यावर यायला नगं."

बाहेर मुलगा भेटला. डोक्याचे केस काढलेले. त्याने मला बाजूला नेले. "सर, एक विचारू? मी त्यांना म्हणालो होतो, लगेच पॅक करा वरून. ते म्हणाले, सात दिवस. मी रोज म्हणत होतो. त्यांनी ऐकलं असतं तर?"

कच्च्या मालाची ती भिंत एवढे वजन पेलली असती की नाही, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. मी तसे सांगितले. मग म्हणालो, "सात दिवसांचे तुम्ही डोक्यातून काढा. तुमच्या वडिलांचा नियम बरोबर होता. जुनी भिंत जागेवर असती तर कॉलम गेला असता, कोपरा गेला नसता. ती काढा असे मी लिहून दिले."

"काढायला मी लावली, सर."

"तुम्ही विचारायला आला होतात. तुम्ही दोघांनीही मलाच विचारले."

तो पडवीकडे वळला. मला फाटकापर्यंत पोहोचवायलाही आला नाही. ते योग्य होते.

पत्र मी स्वतः चौकशी अधिकाऱ्याकडे नेले. बावधनचा ट्रक, तिरप्या भेगा, माझा अहवाल, सगळे सांगितले. तो वयाने माझ्या निम्मा असेल. त्याने चार ओळी वाचल्या, मागची बाजू उलटून पाहिली.

"सर, बरोबरच लिहिलंय तुम्ही. नियमाप्रमाणे ती भारवाही भिंत नाहीच. दोष टँकरवाल्याचा आहे." त्याने पत्र फाइलला लावून घेतले आणि मला चहा मागवला. मला निर्दोष ठरवायला त्याला चहा येईपर्यंतचाही वेळ लागला नाही. त्या कचेरीत मला शिक्षा मिळणार नाही, हे कळल्यावर मी बराच वेळ जिन्यावर बसून होतो. त्यानंतर मी कोणतेही काम घेतले नाही.

२०१० मध्ये आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. विदर्भातला मुलगा, हिंजवडीत नोकरी, बोलायला नम्र.

"काका, मागची वॉचमनची खोली आणि मीटर रूम काढायची म्हणतोय. मीटर पुढे घेता येतील. दोन गाड्यांची जागा होईल. मेंबर्स तयार आहेत."

"त्या भिंती काढायच्या नाहीत."

"काका, इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, नॉन लोड बेअरिंग आहेत." तो जरा संकोचला. मग त्याने हातातली फाइल उघडली. "आणि सोसायटीच्या रेकॉर्डला जुना रिपोर्ट पण आहे. तुमचीच सही आहे त्यावर."

त्याने पान पुढे केले. अकरा वर्षांपूर्वीचे अक्षर. 'भिंतींचा सहभाग नगण्य.' शाई फिकट झाली होती, वाचता नीट येत होती.

मी चष्मा बदलला. पेन घेतले. त्या वाक्यावर एक रेघ मारली. वाक्य दिसत राहील अशी, एकच. खाली लिहिले: 'हे विधान चुकीचे आहे. कॉलम निकामी झाल्यावर भार या दोन भिंतींनी धरला. काम करणाऱ्या गवंड्याने ते त्याच दिवशी सांगितले होते. मी ऐकले नाही.' त्या दिवसाची तारीख घातली, सही केली.

सेक्रेटरीने ते दोनदा वाचले. "काका, असं रेकॉर्डवर चालेल का?"

"चालवा."

"गवंड्याचं नाव घालायचं का मग? पूर्ण वाटेल."

मी नाव घातले, गावाचेही घातले. मिस्त्रींचे पूर्ण नाव मी त्या दिवशी प्रथमच लिहिले. बारा वर्षे ते माझ्या प्रत्येक कागदात फक्त 'गवंडी' होते.

सभेत भिंतींचे काय ठरेल, ते मला ठाऊक नाही. मत मोजतात तेव्हा माझे एकच असते. तो गेल्यावर मी खाली उतरलो. वॉचमनच्या खोलीत कोणी नव्हते. भेग आम्ही बुजवली होती, पण रंगाखाली तिची तिरपी वाट हाताला लागते. तळहात ठेवला. मग मुठीने बीमच्या खाली टकटक केले आणि कान लावला.

आवाज भरीव होता.